पाच मिनिटं गप्प

लोक म्हणतात, सोमनाथ फार बोलतो. हे साफ खोटं आहे. ते कसं खोटं आहे हे मी दोन-तीन तासांत कुणालाही पटवून देऊ शकतो, पण आज विषय माझ्या बीपीचा आहे, म्हणून तेवढ्यावरच थांबतो.

खरं तर सुरुवात बीपीनं झालीच नाही. सुरुवात झाली हैबतरावांपासून. हैबतराव आमचे शेजारी. आमच्या चांदे गावात त्यांची तीन मजली इमारत आहे, तिच्यात हिंजवडीला कामाला जाणारी पोरं भाड्यानं राहतात, आणि हैबतराव दिवसभर खाली खुर्ची टाकून कोण कधी आलं आणि कुणाबरोबर आलं यावर लक्ष ठेवतात. एका संध्याकाळी आमच्या हिला, म्हणजे उज्वलाला, मागं बसवून मी स्कूटरवरून घरी येत होतो. चौकात हैबतराव उभे दिसले. मी मान लववली. उत्तर नाही. हात केला. उत्तर नाही. मग मात्र मी स्कूटर थांबवली आणि चार शब्द सुनावले. म्हटलं, जमिनीला भाव आला म्हणून शेजाऱ्याला ओळख द्यायची नाही, असं कुठं लिहिलंय का? लहानपणी मी तुमच्या विहिरीत पडलो तेव्हा तुमच्या वडिलांनी मला बाहेर काढलं होतं, आणि त्यांचा मुलगा असा निघावा? मी बराच वेळ बोललो. शेवटी मागून उज्वला म्हणाली, "अहो, तो फ्लेक्स आहे."

हैबतरावांच्या वाढदिवसाचा होता. डोक्यापासून पायापर्यंत, गॉगलसकट. आता इतका मोठा फ्लेक्स लावायचा आणि वर लोकांच्या डोळ्यांना नावं ठेवायची, याला काही अर्थ नाही. पण उज्वलानं घरी आल्या आल्या स्कूटरची किल्ली काढून घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि जाहीर केलं, "डोळ्याचं ऑपरेशन झाल्याशिवाय ही गाठ सुटायची नाही."

ज्यांनी चांद्यात राहून पाहिलेलं नाही त्यांना यातलं दुःख कळायचं नाही. बस तिच्या मर्जीनं येते. स्कूटर नसली की पिरंगुटला जायला हैबतरावांच्या गाडीत बसावं लागतं, आणि त्यांच्या गाडीत बसलं की घोटावडे फाट्यापर्यंत त्यांचं ऐकावं लागतं. हैबतराव फार बोलतात.

त्यात दुसरा घाव बसला. मी पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरला नोकरी करून निवृत्त झालो, पण गावात मला ओळखतात ते माइकवाला सोमनाथ म्हणून. लग्न असो, कुस्त्या असोत, दहावा असो, मान्यवरांची नावं पुकारायला मीच. त्या महिन्यात एका लग्नात माझ्या हातात नावांची चिठ्ठी आली. तिच्यावर 'मा. विठ्ठलराव' असं होतं, ते मी 'कै. विठ्ठलराव' असं वाचलं आणि त्यांच्या दोन-चार हृद्य आठवणी सांगितल्या. विठ्ठलराव पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते. आठवणी चांगल्या सांगितल्या हे त्यांनाही मान्य होतं, पण फेटा बांधून न घेता ते जेवणाकडे गेले. तेव्हापासून गावातला माइक आमच्या घरामागच्या नथूच्या मुलाकडे, हृतिककडे गेला. हृतिक जमिनींची दलाली करतो. त्याला मान्यवर कोण हे कळतं, पण त्यांच्याबद्दल काय बोलावं हे कळत नाही. 'यांचंही स्वागत, त्यांचंही स्वागत' एवढ्यावर मंडप उरकतो.

तेव्हा किल्ली आणि माइक, दोन्ही परत मिळवायचे तर डोळा करून घेणं भाग होतं.

पिरंगुटला डोळ्यांच्या डॉक्टर गौतमी म्हणून आहेत. तरुण बाई, बोलायला गोड. डोळ्यात बॅटरी मारून म्हणाल्या, "मोतीबिंदू पिकलाय, काका. सोपं ऑपरेशन आहे. फक्त एकदा बीपी बघून घेऊ."

दंडाला पट्टा बांधला. मी त्यांना फ्लेक्सचा प्रसंग सांगायला घेतला, म्हणजे त्यांना रोगाचं स्वरूप कळावं. पट्टा फुगला, फुसकन बसला. डॉक्टरीणबाईंचा चेहराही बसला.

"वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं शंभर."

"वरचं म्हणजे?"

"हृदय आवळतं तेव्हाचा दाब तो वरचा. सैल पडतं तेव्हाचा खालचा."

"म्हणजे माझं सैल पडलं तरी शंभर? मग आवळायचं कशाला त्यानं?"

त्यांनी हसून सांगितलं, की वरचं एकशेसाठच्या खाली आल्याशिवाय त्या डोळ्याला हात लावणार नाहीत. खालच्या मजल्यावर एक फिजिशियन बसतात, त्यांनी एक पांढरी गोळी लिहून दिली. ती मी इमानेइतबारे घेतली. पुन्हा गेलो. त्या वेळी हैबतरावांची गाडी, वाटेतले खड्डे आणि हिंजवडीची वाहतूक कुणाच्या चुकीनं तुंबते, हे सांगत होतो. एकशे चौऱ्याहत्तर.

"गोळी लागू पडायला हवी होती," डॉक्टर म्हणाल्या. "काही लोकांचं बीपी दवाखान्यात आलं की वाढतं, घरी बरोबर असतं."

"म्हणजे मी तुम्हाला घाबरतो?"

"तसं नव्हे, काका. तुम्ही घरी मोजा. सलग सात दिवस. सकाळी ठरल्या वेळी, गोळी घ्यायच्या आधी. लघवीला जाऊन या, चहा नंतर प्या. पाठ टेकून बसा, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवर नको. हात टेबलावर ठेवा, छातीच्या उंचीला. आधी पाच मिनिटं शांत बसा, आणि मोजताना एक शब्दही बोलू नका. आठवड्यानं मशीन घेऊन या, मी त्यातले आकडे बघते."

मी सगळं लक्ष देऊन ऐकलं. शेवटचं जरा कमी ऐकलं.

मशीन विकत घ्यायच्या आधी, सरकार फुकट मोजून देतं तर घ्यावं म्हणून मी गावातल्या शिबिरात गेलो. तिथल्या ताईंनी पट्टा हातात घेतला आणि विचारलं, "आधार कार्ड लिंक आहे का?" कार्ड लिंक होतं, पण माझ्या जुन्या मोबाईल नंबरला. त्यावर ओटीपी गेला. तो नंबर आता नांदेडच्या एका गृहस्थांकडे आहे. मी त्यांना फोन लावला. अतिशय सज्जन माणूस. त्यांनाही बीपी आहे, शिवाय मुलीच्या लग्नाची काळजी. आमचं इतकं छान बोलणं झालं, की मी त्यांना चांद्याला यायचं आमंत्रण दिलं. तोवर ओटीपीची मुदत संपली होती, आणि ताई मंडप सोडून पुढच्या गावाला निघाल्या होत्या.

मग पिरंगुटच्या मेडिकलमधून मशीन आणलं. दुकानदार म्हणाला, "काका, तुमचे डोळे असे, तुम्ही बोलणारंच घ्या." मला ते पटलं. आमच्या घरात नाहीतरी माझ्याशी कुणीतरी बोलायला हवंच होतं. घरी येऊन माहितीपत्रक उघडलं, तर अक्षर मुंगीएवढं. मला दिसेना, उज्वलाला चष्मा सापडेना. तेवढ्यात हैबतराव आले. त्यांनी "आन हिकडं" म्हणून मशीन घेतलं आणि होती नव्हती ती सगळी बटणं दाबली. मशीन जे हिंदीत गेलं ते गेलंच, आणि आवाज सगळ्यात मोठा झाला तो पुन्हा खाली आला नाही.

पहिल्या सकाळी ओट्यावर बसून स्वेटरच्या बाहीवर पट्टा बांधला, कारण थंडी होती आणि डॉक्टरांना चांद्याच्या थंडीची कल्पना नसावी. हैबतराव समोर बसून मला कच्च्या लसणाचे फायदे सांगत होते, मी त्यांना तोटे सांगत होतो. मशीननं गुरगुर केली आणि त्यातली बाई साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आपका रक्तचाप अधिक है! कृपया डॉक्टर से संपर्क करें!"

वरच्या गच्चीवरून भाड्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून माझं बीपी ही सार्वजनिक मालमत्ता झाली. उज्वलानं लोणचं, पापड आणि सुकट फडताळाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली. भाजीत मीठ आहे की नाही हे ओळखायला जाणकार लागावा, अशी परिस्थिती आली. विठ्ठलरावांनी, झालं गेलं विसरून, शेवग्याचा पाला पाठवला. एकानं दवावर अनवाणी चालायला सांगितलं, तर दुसऱ्यानं दव अजिबात चालणार नाही म्हणून सांगितलं. दोघांचा मान राखायचा म्हणून मी एका पायात चप्पल घालून चाललो, आणि त्याचाही कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला.

पण खरा घोळ पुढंच होता. रोज सकाळी चहाच्या वेळी मंडळी ओट्यावर जमायला लागली, "आमचंबी बग" म्हणून. आता आमच्या गावाला गेल्या काही वर्षांत एक सवय लागली आहे. आकडा वर गेला की चांगलं. गुंठ्याचा भाव वर गेला, पेढे. खोलीचं भाडं वर गेलं, पेढे. त्यामुळे बीपीचा आकडा खाली असण्यात काही भूषण आहे, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. हैबतरावांचं वरचं एकशे अडुसष्ट आलं आणि त्यांनी मिशीवर हात फिरवला. "रोडटच जिमिनीवानी हाय आपलं," ते म्हणाले. "आतल्या बाजूच्यांचं न्हाई इतकं येत."

विठ्ठलरावांचं आलं एकशे अठरा. मशीन म्हणालं, "आपका रक्तचाप सामान्य है." विठ्ठलराव उठून उभे राहिले. "आख्ख्या गावात मला सामान्य म्हनायची कुनाची छाती न्हाई," ते गरजले. "परत मोज!" परत मोजलं. रागानं एकशे चौतीस झालं, तेव्हा कुठं त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. मी त्यांना समजवायला गेलो, की अहो, माझं एकशे बहात्तर आहे आणि त्यापायी माझा डोळा, किल्ली आणि माइक तिन्ही अडकलेत. तर हैबतराव म्हणाले, "तुजं काय बाबा, तुजं पयल्यापास्नं जास्तच."

या सगळ्या गोंधळात एक दिवस धोंडाकाकी आली.

धोंडाकाकी म्हणजे नथूची आई, हृतिकची आजी. त्यांचं घर आमच्या घरामागं. मेंढरं राखणारी माणसं. आमचं रक्ताचं नातं काही नाही, पण माझी आई शेतावर गेली की मी काकीच्याच चुलीपाशी जेवायचो, म्हणून ती माझी काकी. वय नव्वदीच्या पुढं कुठंतरी. कमरेत वाकलेली, पण आवाज मेंढरं वळवायचा. मला बोलायला सुरुवात झाली तेव्हापासून तिनं मला एकच गोष्ट सांगितली होती, "सोमा, गप बस की रं जरा." आणि मी तिला एकच उत्तर देत आलो होतो, की काकी, मी कुठं बोलतोय?

तिनं येऊन ओट्याच्या भिंतीला पाठ टेकली, पाय खाली सोडले, आणि हात पुढं केला. चोळीची बाही मुळातच वर. मी पट्टा बांधला आणि तिला बीपी म्हणजे काय ते सांगू लागलो. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"गपा रं सगळी. त्ये बिचारं काय तरी ऐकतंय ना."

आणि सगळे गप्प बसले. हैबतरावसुद्धा. कबुतरं घुमत होती तेवढाच आवाज. काकी डोळे मिटून देवळात बसल्यासारखी बसली. मशीन म्हणालं, "आपका रक्तचाप सामान्य है." एकशे सव्वीस, खालचं अठ्ठ्याहत्तर. नव्वदीच्या बाईचं.

"काय म्हंती ती बया?"

"नॉर्मल आहे तुझं, काकी."

"आन तुजं?"

"वाढलेलं आहे."

"तुजं समदं तोंडात चडतंय," काकी म्हणाली. "पाच मिन्टं गप बस, उतरतंय का न्हाई बग. मला मरायच्या आदी येकदा तुला पाच मिन्टं गप बसल्याला बगायचंय. मंग मी सुकानं जाईन."

सगळे खो-खो हसले. मी म्हटलं, "मग तर मी गप्प बसतच नाही, काकी. तू जायचीच नाहीस." त्या वेळी हे उत्तर मला फार छान सुचलंसं वाटलं होतं.

चारच दिवसांनी ती गेली. सकाळी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि चहा उकळेपर्यंत गेली. आजार नाही, दवाखाना नाही. गाव म्हणालं, सोनं झालं म्हातारीचं. झालं असेल. मला मात्र रडू आवरेना. आमची आई गेली तेव्हा मी इतका रडलो नव्हतो. उज्वलानं माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला, हे तिचे फार उपकार.

त्या धांदलीत मोजायचं राहून गेलं. डॉक्टरांचा फोन आला, की त्या महिनाभर गावाला जाणार आहेत, ऑपरेशन करायचं तर त्याआधी, आणि त्यासाठी सात दिवस सलग मोजून आकडे दाखवा. म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सहा दिवस मोजलं. रोज ओट्यावर कुणीतरी भेटायला येई, काकीचा विषय निघे, आणि काकीबद्दल बोलायला गावात माझ्याइतकं माहीत असलेला दुसरा माणूस नाही. सहाच्या सहा दिवस ती हिंदी बाई डॉक्टर से संपर्क करायला सांगत राहिली. सातवा दिवस म्हणजे नेमका काकीचा दहावा. त्याच दुपारी पिरंगुटला जायचं होतं. एक जरी आकडा बरा निघाला तर डॉक्टरांचं मन वळवता येईल, असा माझा हिशेब होता.

आमच्याकडे दहावा नदीवर, मुळेच्या घाटावर, भल्या सकाळी. मी कोरा सदरा घालून, पिशवीत मशीन टाकून वेळेच्या आधी पोचलो. मशीनसाठी लवकर गेलो असं समजू नका. मला वाटत होतं, की काकीच्या दहाव्याला तरी माइक माझ्याकडे येईल. काय काय बोलायचं ते मी रात्रभर जुळवून ठेवलं होतं. चुलीपाशी बसवून मला दूध-भाकरी भरवणारी, पावसात हरवलेलं कोकरू पदराखाली घेऊन येणारी. लोक ढसाढसा रडले असते.

नथूनं मला बाजूला घेतलं. बिचारा ओशाळला होता. "सोमाआप्पा, वाईट वाटून घिऊ नका. पोरगं बोलंल माइकवर. तुमचं बीपी हाय, डोळा हाय. पुन्यांदा कुनाचं तरी कै. व्हायचं."

"काही हरकत नाही," मी म्हटलं, आणि घाटाच्या अगदी वरच्या टोकाला, वडाच्या पारावर जाऊन बसलो. आमच्या गावात माणूस गप्प बसला की त्याचे दोनच अर्थ निघतात, एक तर तो रुसलाय किंवा तो गेलाय. मी रुसलो होतो. कुणाशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं. कुणी 'या की पुढं' म्हटलं, मी मान फिरवली. खाली हृतिक माइकवर 'यांचीही श्रद्धांजली, त्यांचीही श्रद्धांजली' करत होता आणि मी दातावर दात दाबून ऐकत होतो. मग प्रवचन झालं. वाळूवर पिंड ठेवले गेले, आणि सगळी मंडळी मागं सरून कावळ्याची वाट बघत उभी राहिली.

गावात माणसं एकगठ्ठा गप्प होतात ती फक्त या वेळी. पलीकडच्या बाभळीवर कावळा होता. एक नाही, चांगले चार-पाच. पण एकही जागचा हलेना.

नथूनं हात जोडले. "आये, मेंढरं इकनार न्हाई. तुज्यामागं राखीन." कावळा बसून.

"आये, हृतिकचं लगीन यंदा करतू." कावळ्यानं पंख साफ केले.

"आये, वाड्यामागची जागा बिल्डरला देनार न्हाई!" यावर माइकजवळ उभ्या हृतिकच्या चेहऱ्याचा रंग उतरला, पण कावळ्याला काही वाटलेलं दिसलं नाही. सुनेनं पदर पसरून सांगितलं, की सासूबाई, तुमची पितळेची कळशी मोडीत घालणार नाही. मग गावातल्या चार जणांनी आपापली वचनं दिली. विठ्ठलरावांनी तर काकीच्या नावानं पाणपोई जाहीर करून टाकली. ऊन चढायला लागलं. कुणीतरी दर्भाचा कावळा करायची भाषा काढली.

मी वर पारावर. मनात आलं, की ही शांतता चालू आहे तोवर मोजून घ्यावं, नाहीतर सातवा दिवस हुकेल. आडोशाला जाऊन आलो होतोच. पाठ वडाला टेकलेली, पाय खाली सोडलेले. बाही वर सारली, पट्टा उघड्या दंडावर बांधला, हात पिशवीवर ठेवला. रुसून बसल्याला पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. बटण दाबलं. पट्टा फुगू लागला.

आणि नेमकं तेव्हा नथू खालून ओरडला, "सोमाआप्पा कुटं हायेत? आयेचा लई जीव त्येंच्यावर. आप्पा, तुमी बोला की काय तरी!"

सगळा घाट माझ्याकडे वळला. शे-दीडशे माणसं. बायकांच्या बाजूनं उज्वलानंही मान वर केली. मी दहा दिवस ज्याची वाट बघत होतो तो क्षण, आणि माझ्या दंडाला पट्टा आवळलेला. बोललो तर आकडा गेला. आकडा गेला तर डोळा गेला, किल्ली गेली, आणि पुढच्या सगळ्या दहाव्यांना हृतिक. घशापर्यंत आलेले शब्द मी परत गिळले. मोकळा हात वर केला आणि बोट ओठांवर ठेवलं. घाट चिडीचूप झाला. सोमनाथ बोलत नाही, हे पाहायची कुणाला सवयच नव्हती. कुणी हलेना. मी डोळे मिटले. काकीची चूल आठवली. मला काही बोलावंसंच वाटेना, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

पंखांचा फडफडाट ऐकू आला. डोळे उघडले तर खाली पिंडावर एक काळा ठिपका. मोतीबिंदूतूनसुद्धा दिसला. कावळा शिवला होता. आणि त्याच क्षणी, हात जोडून डोळे पुसणाऱ्या त्या सबंध घाटावर, नदीच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ती हिंदी बाई म्हणाली, "आपका रक्तचाप सामान्य है!"

कुणी हसलं नाही. नथू वाळूतून चढत वर आला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "आप्पा, आये ह्येच म्हनली व्हती. मेंढरं न्हाई, जागा न्हाई, पानपुई न्हाई. तुमी गप बसल्यालं बगायचं राह्यलं व्हतं तिचं." मग मात्र खाली कुठंतरी पहिलं हसू फुटलं, आणि बघता बघता सगळा घाट रडत रडत हसायला लागला. हैबतराव म्हणाले, "म्हातारीनं वसूल क्येलं." विठ्ठलराव पाणपोईचं काय करायचं म्हणून हळूच विचारत होते.

दुपारी डॉक्टर गौतमींपुढे बसलो. त्यांनी पट्टा बांधला. मी बोललो नाही. त्या दोनदा माझ्याकडे बघून उज्वलाला म्हणाल्या, "काकांना बरं वाटत नाहीये का?" मी बोललो नाही. एकशे छत्तीस.

"काका! काय वेगळं केलंत?"

"काही नाही," उज्वला म्हणाली. "दहाव्याहून आलोत." डॉक्टरांनी गोळी चालूच ठेवायला सांगितली आणि ऑपरेशनचा दिवस दिला.

ऑपरेशन झालं. दिवस भरले, थेंब संपले, आणि एका सकाळी उज्वलानं पदराची गाठ सोडली. गाठ इतकी घट्ट बसली होती की दात लावावा लागला. मी स्कूटर काढली आणि पहिला चौकाकडे गेलो, नव्या डोळ्यानं गाव कसं दिसतं ते बघायला. चांदे दिसलं तसं फारसं चांगलं नव्हतं. पण चौकात, हैबतरावांच्या जागी, धोंडाकाकीचा फ्लेक्स होता. इतके दिवस तो मला नुसता करडा धब्बा दिसत होता.

फोटो नथूच्या मुलीच्या, सृष्टीच्या लग्नातला. त्या लग्नाला माइक माझ्याच हातात होता. दुकानवाल्यानं काकी तेवढी कापून घेतली होती, पण कडेला माइक धरलेला अर्धा हात राहून गेला होता, आणि मनगटावर कारखान्यानं निरोपाला दिलेलं घड्याळ. काकी त्या हाताकडे वळलेली, एक हात उगारलेला, तोंड उघडं. ती काय म्हणत होती हे मला फोटोतूनही ऐकू आलं.

मी इंजिन बंद केलं आणि उभा राहिलो. सांगायला खूप होतं. डोळा झाला, किल्ली मिळाली, हृतिक अजूनही नुसतंच यांचं स्वागत त्यांचं स्वागत करतो, नथूनं मेंढरं ठेवलीत. तिच्याशिवाय हे सगळं कुणाला सांगायचं हेही होतं.

मागून गाडी थांबली. हैबतरावांनी काच खाली केली.

"काय रं सोमनाथ, परत फ्लेक्सशी बोलतुयास व्हय?"

मी नुसती मान हलवली.